दुर्बिणीतून दिसणारा वारा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथं झोपून करायच्या नेमबाजीत, जगज्जेत्या झाल्या होत्या. असं काही घडलं की आपल्याकडच्या रेंजवर चार नवे पालक मुलांचा हात धरून येतात. रायफल कुठली, जाकीट कुठलं, बूट कुठून घ्यायचे, असे त्यांचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं मिळतातही. पण नेमबाजाच्या डाव्या हाताला स्टँडवर एक दुर्बीण उभी असते, तिच्याविषयी नीट सांगणारं कुणी भेटत नाही. मग दुकानदार सांगेल ती किंवा सगळ्यात मोठा आकडा लिहिलेली दुर्बीण घरी येते.

या दुर्बिणीला बाजारात ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. मी गेली बरीच वर्षं एका जिल्हा रायफल क्लबात मुलांना शिकवतो आहे. ही दुर्बीण कशासाठी असते आणि ती निवडताना काय बघावं, हे आज आपल्याला सांगणार आहे.

आधी एक खुलासा करतो, म्हणजे काही जणांचे पैसे इथंच वाचतील. आपल्याकडची बहुतेक मुलं १० मीटर एअर रायफलनं सुरुवात करतात. त्यांना ही दुर्बीण लागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसारही रायफल प्रकारांत अशी दुर्बीण फक्त ५० आणि ३०० मीटरलाच वापरता येते. तिचा उद्देशही नियमातच लिहिलेला आहे : गोळी कुठे लागली ते पाहणं किंवा वाऱ्याचा अंदाज घेणं. आपलं मूल ५० मीटरला पोहोचेपर्यंत तेव्हा घाई करू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे ही दुर्बीण रायफलवर बसवायची नसते. ऑलिंपिक पद्धतीच्या ५० मीटर रायफलवर नेम धरायला भिंगाची दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे एक कडं, एवढ्यावरच नेम धरायचा. त्यामुळे दूरचं जवळ आणून दाखवणारं काही असेल, तर ती शेजारी उभी केलेली ही एकच दुर्बीण.

आता तिच्यातून बघायचं काय? कुणालाही विचारा, उत्तर येईल, ‘भोक बघायचं. गोळी कुठे लागली ते बघायचं.’ ते खरंच आहे, पण अपुरं आहे. याचा हिशेब अगदी शाळेतल्या भागाकाराचा आहे.

५० मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आपली गोळी ५.६ मिलिमीटरची. दुर्बीण २० पट मोठं दाखवणारी असेल, तर ५० भागिले २०, म्हणजे टार्गेट अडीच मीटरवर आल्यासारखं दिसतं. अडीच मीटरवरच्या कागदातलं साडेपाच मिलिमीटरचं भोक शाबूत नजरेच्या कुणालाही दिसेल. काळ्यावर काळं भोक असल्यानं थोडी मेहनत पडते, एवढंच. म्हणजे ५० मीटरला भोक बघण्यासाठी २०-२५ पट पुरेसं आहे.

३०० मीटरला जाऊ. हा प्रकार आपल्याकडे मुख्यतः सैन्यदलातले नेमबाज खेळतात. ऑलिंपिकमधून तो १९७२ नंतर गेला, पण जागतिक स्पर्धांमध्ये राहिला. ३० पटीच्या दुर्बिणीतून ते टार्गेट १० मीटरवर येतं. तिथं पावणेआठ मिलिमीटरचं भोक दिसतं, पण भिंग चांगलं असेल आणि हवा शांत असेल तरच.

त्याच्याही पुढं गेलं की हिशेब बदलतो. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात बिस्ले नावाचं गाव आहे. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा १८६० साली विम्बल्डनला सुरू झाल्या. पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनं झाडली होती. १८९० पासून त्या बिस्लेला भरतात. तिथल्या सर्वांत मानाच्या बक्षिसाची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते. १९३० साली मार्जोरी फॉस्टर या बाईंनी ते बक्षीस जिंकलं. ते जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. या स्पर्धेतही रायफलवर दुर्बीण नसते, पीप साइटच असते. आता १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. ३० पटीनं टार्गेट येतं ३० मीटरवर. ३० मीटरवरच्या कागदातलं आठ मिलिमीटरचं भोक तुम्हाला-मला दिसेल का? नाही दिसणार. ६० पटीनं पंधरा मीटरवर आणलं तरी मधली पाऊण-एक किलोमीटर तापलेली हवा ते भोक पुसून टाकते.

मग तिथं काय करतात? टार्गेटखालच्या खंदकात माणूस बसलेला असतो. गोळी लागली की तो टार्गेट खाली ओढतो, भोकात एक ठळक रंगाची चकती खोचतो, गुण दाखवणारी खूण लावतो आणि टार्गेट पुन्हा वर चढवतो. नेमबाज दुर्बिणीतून ती चकती बघतो. भोक दुर्बिणीनं दिसतच नाही, हे मान्य करून केलेली ही व्यवस्था आहे. तरीही बिस्लेला प्रत्येक नेमबाजाजवळ दुर्बीण असते आणि तिच्यावर तो जिवापाड लक्ष ठेवतो. चकती दिसायला तर साधी दुर्बीणही चालली असती. मग एवढी काळजी कशासाठी? वाऱ्यासाठी.

वारा दिसत नाही असं आपण म्हणतो. तो दिसतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरवर पाणी हलल्यासारखं दिसतं, त्याला आपण मृगजळ म्हणतो. नेमबाजांच्या भाषेत ‘मिराज’. जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते. गरम आणि थंड हवेच्या थरांतून प्रकाश वाकडातिकडा येतो आणि टार्गेटची कड लहरी मारताना दिसते. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही, पण २०-३० पटीच्या दुर्बिणीत स्पष्ट दिसतं. आणि आडवा वारा असेल तर त्या लहरी वाऱ्याबरोबर वाहतात.

हे वाचायचं कसं, तेही सांगतो. लहरी चुलीवरच्या आधणासारख्या सरळ वर जात असतील, तर आडवा वारा नाही. किंवा तो थेट तोंडावर नाहीतर पाठीवर आहे. लहरी तिरक्या होऊन उजवीकडे झुकल्या, तर वारा डावीकडून हळू येतो आहे. त्या जमिनीला समांतर पळायला लागल्या, तर वारा जोरात आहे. तो याहून वाढला की लहरी सपाट होतात आणि त्यांच्यावरून वेगाचा अंदाज करता येत नाही. मग रेंजवरची निशाणं बघायची. आणि वाहत्या लहरी अचानक थांबून सरळ वर उकळायला लागल्या, तर बोट ट्रिगरवरून काढायचं. बहुतेक वेळा ती वारा दिशा बदलण्याआधीची घडी असते.

एक युक्ती महत्त्वाची आहे. दुर्बीण टार्गेटवर अगदी स्पष्ट लावली, तर टार्गेटजवळचीच हवा नीट दिसते. गोळीला मात्र सगळ्या वाटेवरचा वारा लागतो. म्हणून आधी टार्गेट स्पष्ट करायचं आणि मग फोकसचं चाक किंचित आपल्याकडे, म्हणजे जवळच्या अंतरावर आणायचं. टार्गेट थोडं धूसर होतं आणि मधल्या हवेतल्या लहरी ठळक होतात. ५० मीटरच्या रेंजवर नियमाप्रमाणे १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची निशाणं लावलेली असतात. ३० मीटरच्या निशाणाच्या आसपास फोकस ठेवला तर निशाण आणि लहरी दोन्ही ताडून बघता येतात.

एवढा खटाटोप करावा इतकं वाऱ्यानं बिघडतं का? ताशी १० किलोमीटरचा वारा म्हणजे झाडाची पानं हलवणारी झुळूक. ती पूर्ण आडवी असेल, तर ५० मीटरला आपली छोटी गोळी साधारण दीड-दोन सेंटिमीटर सरकते. टार्गेटवर दोन शेजारच्या वर्तुळांतलं अंतर आहे आठ मिलिमीटर. म्हणजे हात स्थिर, श्वास नीट, नेम बिनचूक, आणि तरीही दहाच्या जागी आठ. ३०० मीटरला तीच झुळूक मोठ्या गोळीला दहा-बारा सेंटिमीटर ढकलते. १००० यार्डांवर मीटरभराहून जास्त. पोरगं घरी येऊन म्हणतं, ‘आज माझा हातच लागत नव्हता.’ हात ठीक असतो. वारा बदललेला त्याला दिसलेला नसतो, आणि त्याच्याच मनात स्वतःविषयी शंका बसते. माझ्या मते चांगल्या दुर्बिणीचा खरा उपयोग इथं आहे. आठ का आले, हे तिच्यामुळे मुलाला कळतं.

हे एकदा ध्यानात आलं की दुर्बीण कशी निवडायची हे बरंचसं आपोआप ठरतं.

दुर्बिणीवर ‘२०-६०×८०’ असे आकडे लिहिलेले असतात. पहिले दोन म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, कमीत कमी २०, जास्तीत जास्त ६०. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार ६० वर बोट ठेवून किंमत सांगतो. तुम्ही २० आणि ८० कडे बघा.

का, ते ऐका. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ६० मिलिमीटरचं भिंग आणि ६० पट, म्हणजे एक मिलिमीटर. उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. एक मिलिमीटरच्या झोतात चित्र काळवंडतं आणि डोळा केसभर हलला तरी ते निसटतं. तेच भिंग २० पटीवर तीन मिलिमीटरचा झोत देतं, चित्र उजळ आणि निवांत राहतं. शिवाय पट वाढली की हवेच्या लहरीही तितक्याच पटीनं वाढतात, दिसणारं क्षेत्र आकसतं आणि स्टँडचं हलणंही मोठं होतं. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अकरानंतर आपल्याकडच्या रेंजवर ६० पटीत नुसता उकळता लगदा दिसतो. तेव्हा ५० मीटरसाठी ६० मिलिमीटरचं भिंग आणि २० ते ३० पट धरा. ३०० मीटर किंवा त्यापुढं जाणार असाल तर ७५-८० मिलिमीटरचं भिंग आणि २५ ते ४० पट पुरे. झूम नसलेली, एकाच पटीची आयपीस मिळत असेल तर तिचा विचार जरूर करा. तिच्यातून सहसा जास्त रुंद दृश्य दिसतं आणि खेळताना झूमशी खेळत बसण्याचा मोह होत नाही.

पटीपेक्षा महत्त्वाची आहे ती काच. जाहिरातीत ‘ईडी ग्लास’ असं लिहिलेलं असतं. साध्या भिंगातून निळा आणि तांबडा प्रकाश एकाच ठिकाणी गोळा होत नाही, म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवट किनार दिसते. ईडी काचेनं ती बरीच कमी होते. आपलं टार्गेट म्हणजे पांढऱ्यावर काळा गोल, तेव्हा ही किनार आपल्याला सगळ्यात जास्त त्रास देते. ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे आतल्या-बाहेरच्या सगळ्या काचांवर प्रकाश परत उडू न देणारे लेप. हे दोन शब्द असावेत. मात्र शब्दांवर विसंबू नका, डोळ्यांनी तपासा.

तपासायचं कसं? दुकानात बसून काचेच्या खिडकीतून बघू नका. त्या काचेनंच चित्र बिघडतं. दुर्बीण बाहेर न्या, स्टँडवर लावा आणि लांबच्या दुकानाची पाटी बघा. अक्षरं मधोमध स्पष्ट आणि कडेला फुटलेली आहेत का? आभाळासमोरच्या विजेच्या तारेला किंवा टाकीच्या कडेला जांभळी किनार आहे का? फोकसचं चाक फिरवताना चित्र एका जागी पटकन स्पष्ट होतं, की ‘हे बरं की ते बरं’ असं चाचपडावं लागतं? चांगल्या काचेत ती जागा चटकन सापडते. आणि मृगजळ वाचायला चाक थोडंथोडं फिरवावं लागतं, म्हणून ते मऊ, पण सैल नसलेलं हवं. बघताना दुर्बीण सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नका. क्षणात डोळा जाईल.

यानंतर येतो डोळा आणि आयपीस यांचा संबंध. प्रोनमध्ये नेमबाज पालथा झोपलेला असतो, गाल रायफलच्या दस्त्याला चिकटलेला. उजव्या हाताच्या नेमबाजानं दुर्बीण डावीकडे लावायची आणि आयपीस डाव्या डोळ्यासमोर आणायची. नेम धरणारा उजवा डोळा त्यानं थकत नाही. मान जरा वळवली की दिसलं पाहिजे, कोपर हलता कामा नये. कोपर हललं की सगळी बैठक नव्यानं जमवावी लागते. यासाठी ४५ अंशात वळलेली आयपीस आणि दुर्बीण स्वतःभोवती फिरवता येणारी कडी असेल तर फार सोय होते. सरळ आयपीसची दुर्बीण टार्गेटवर चटकन लागते, पण झोपलेल्या माणसाच्या डोळ्यापर्यंत आणताना अडचण करते.

चष्मा असलेल्यांनी ‘आय रिलीफ’ हा आकडा विचारावा. डोळा आयपीसपासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. चष्मा लावून बघायचं तर ते १५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, थोडं जास्त असलं तर उत्तम. ते कमी असलं की किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं.

आणि स्टँड. स्टँडसाठी पैसे उरले नाहीत असं मी शेकडो वेळा ऐकलं आहे. फोटोचा तिपाई स्टँड प्रोनसाठी बहुधा फार उंच पडतो आणि त्याचे पाय शेजाऱ्याच्या जागेत जातात. जड बैठक, तिच्यावर उभा दांडा आणि दांड्यावर वर-खाली सरकणारी पकड, असा नेमबाजीचा स्टँड घ्या. गुडघ्यावर बसून आणि उभं राहूनही खेळणार असाल तर दांड्याला जोड देता यायला हवा. आपल्याकडे चांगला फॅब्रिकेटर मापं दिली की असा स्टँड बनवून देतो. आमच्या क्लबातले निम्मे स्टँड असेच बनलेले आहेत. लाखाची दुर्बीण डुगडुगत्या स्टँडवर ठेवली तर ती लाखाची राहत नाही.

इथं एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे एक मुलगी येते. वडील एसटीत चालक आहेत. मुलगी ५० मीटरला गेली तेव्हा ते एकदा म्हणाले, ‘सर, एफडी मोडतोय. पोरीला एकदाच काय ती भारीतली ऑस्ट्रियाची दुर्बीण घेऊन टाकू म्हटलं. परत परत नको.’ आता जपानची कोवा, ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की, जर्मन लायका आणि झाइस या उत्तम दुर्बिणी आहेत, यात वाद नाही. पण बाजारात दुर्बिणी काही हजारांपासून दोन लाखांच्या पुढेपर्यंत आहेत, आणि हा माणूस मुक्कामी गाड्या करून पैसे साठवणारा. मी म्हटलं, ‘अहो, घाई करू नका. रविवारी दोघंही या.’

क्लबात तेव्हा तीन दुर्बिणी होत्या. एक स्वस्तातली, ६० पटीवाली. एक मधल्या किमतीची, ईडी काचेची. आणि एका सदस्याची खरोखरच महागडी. तिन्हींच्या नावांवर कागदी पट्टी चिकटवली. सकाळी साडेअकराला ऊन चढल्यावर मुलीला वही दिली आणि सांगितलं, ‘प्रत्येकीतून बघ. शेवटची गोळी कुठे आहे ते काढ आणि वारा कुठून आहे ते लिही.’ स्वस्तातल्या दुर्बिणीत ६० पटीवर तिला नऊ की दहा हे ठरवता येईना. तीच २० पटीवर आणली तर भोक दिसलं, लहरी काही दिसेनात. मधल्या दुर्बिणीत २५ पटीला तिनं दोन्ही गोष्टी बरोबर लिहिल्या. महागड्या दुर्बिणीतही बरोबरच लिहिल्या आणि वर म्हणाली, ‘यात डोळ्याला बरं वाटतंय, सर.’ ते खरंच आहे. संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत हा फरक आणखी कळतो. दिवसभर डोळा लावून बसणाऱ्याला, देशाच्या संघात खेळणाऱ्याला त्याची किंमत आहे.

वडिलांनी विचारलं, ‘मग पोरीचे गुण कशानं वाढतील?’ मी म्हटलं, ‘गोळ्यांनी.’ चांगल्या प्रतीची पॉइंट टू टूची काडतुसं आपल्याकडे परदेशातून येतात आणि महाग पडतात. सराव कमी पडतो तो तिथंच. त्यांनी मधली दुर्बीण घेतली, स्टँड गावातल्या वर्कशॉपमध्ये करून घेतला आणि उरलेले पैसे काडतुसांसाठी बाजूला ठेवले. पुढच्या जिल्हा स्पर्धेत ती चौथी आली. पदक नाही. पण शेवटच्या नऊ गोळ्या राहिल्या असताना लहरी थांबून उकळायला लागल्या, तेव्हा तिनं रायफल खांद्यावरून उतरवली आणि मिनिटभर दुर्बिणीला डोळा लावून बसली. शेजारच्या तिघांनी त्या मिनिटात आठ-आठ मारले. ती थांबली, हे मी त्या दिवशी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

अनेक पालक विचारतात, आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक टार्गेट येतंय, गोळी कुठे लागली ते समोरच्या पडद्यावर दिसतं, मग दुर्बीण कशाला? मोठ्या स्पर्धांमध्ये पडदा असतो हे खरं. पण जिल्ह्याजिल्ह्यांतला सराव अजून बराचसा कागदावर चालतो. आणि गोळी गेल्यावर ती कुठे गेली, एवढंच पडदा सांगतो. गोळी जाण्याआधी हवेत काय चाललं आहे, ते त्याच्यावर उमटत नाही. प्रोनमध्ये इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० गोळ्यांना ५० मिनिटं मिळतात, म्हणजे गोळीमागे ५० सेकंद. तेवढ्यात एकदा दुर्बिणीत बघायला भरपूर वेळ असतो.

आता आपल्या हवामानापुरतं थोडं. आपला पावसाळा दुर्बिणीचा मोठा शत्रू आहे. कोकणात, मुंबईत, कोल्हापुरात चार महिने कपाटात पडून राहिलेल्या दुर्बिणीच्या काचेवर आतून बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे पसरतात आणि भिंगावरचा लेप खातात. म्हणून आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घ्या. जून लागला की ती कापडी किंवा चामडी पिशवीतून काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओल धरून रंग बदलतात, त्या वाळवून पुन्हा घाला. काच शर्टाच्या टोकानं किंवा ओढणीनं पुसू नका. आधी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश आणि शेवटी भिंगाचं कापड.

जुनी दुर्बीण घेत असाल तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून आत बघा. धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. हलक्या हातानं हलवून बघा, आत काही वाजतंय का. नंतर उन्हात लांबवर चकाकणाऱ्या एखाद्या बिंदूवर फोकस करा. तो बिंदू गोल आणि टोकदार दिसायला हवा. त्याला एका बाजूला शेपूट फुटलेलं दिसलं तर आतलं काहीतरी जागचं हललेलं आहे.

ज्यांना हेही परवडणार नाही, त्यांनी निराश होऊ नये. चार-पाच पालकांनी मिळून क्लबासाठी एक चांगली दुर्बीण घेतली, तर सरावात ती सगळ्यांना पुरते. बिस्लेला तर एकाच टार्गेटवर दोघं-तिघं आळीपाळीनं खेळतात आणि एकमेकांचे गुण लिहितात. दुसऱ्याच्या गोळ्या दुर्बिणीतून बघताना वारा वाचायला जास्त शिकायला मिळतं, कारण तेव्हा आपल्याला ट्रिगरची काळजी नसते. आमच्याकडे प्रत्येक मुलाला आठवड्यातून एक सत्र नुसतं दुर्बिणीमागं बसवतो. वहीत तीन रकाने असतात : लहरी कुठे वाहतात, निशाण काय सांगतं आणि गोळी कुठे लागली. दोन-तीन महिन्यांत मुलं गोळी सुटण्याआधीच सांगायला लागतात, ‘सर, ही उजवीकडे नऊ जाणार.’

तेव्हा श्रोतेहो, दुर्बीण घ्यायला जाल तेव्हा आपल्या नेमबाजाला सोबत घेऊन जा, कारण डोळा त्याचा आहे. भर उन्हाची वेळ निवडा. दुकानदार ६० पट दाखवायला लागला तर त्याला २५ वर आणायला सांगा, फोकस थोडा अलीकडे घ्या आणि मुलाला एकच विचारा, ‘वारा कुठून आहे?’ त्याला सांगता आलं तर ती दुर्बीण तुमच्या कामाची.

नमस्कार.